नागपूर–पुणे रात्रीचं विमान: इंजिनिअरला पाच तारे, काउंटरला दीड

कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एका कंपनीवर घसरते, आणि मला जे सांगायचं आहे ते रात्रीच्या विमानानं जाणाऱ्या कोणाच्याही कामी पडावं असं आहे. नागपूर ते पुणे, सुटायची वेळ रात्री ८ वाजून ४० मिनिटं, मार्चचा दुसरा आठवडा. प्रत्यक्षात सुटलं पहाटे ५ वाजून २५ मिनिटांनी.

तारे देण्याआधी तारे देणारा कोण, ते सांगतो. मी ३१ वर्षं तलाठी होतो, काटोल-नरखेड भागात. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. काम तेच, पाटी लांब झाली.) गारपिटीचे पंचनामे किती केले त्याची गणती नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात तर आम्ही घरी फक्त झोपायला जात होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक असे तिघं वावरात उतरायचं, झाडाखालची फळं बघायची, फांदीवरची बघायची, सालीला लागलेला मार बघायचा. आधी पन्नास टक्क्यांवर नुकसान असेल तरच मदत मिळे, २०१५ पासून ती अट ३३ टक्क्यांवर आली. तर गारेचा मार कुठं किती बसला हे ओळखायची नजर मला आहे. विमानातलं मला काही कळत नाही. खिडकीची जागासुद्धा दर वेळी सौ. घेते.

त्या दिवशी दुपारपासूनच हवा कोंदट होती. सोनेगावच्या विमानतळावर पोचलो तेव्हा काटोलच्या दिशेचं आभाळ काळंकुट्ट दिसत होतं. सोबत नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी मिरगाच्या बहारातली संत्री, नऊ किलोचा खोका, सामानात दिलेला. सुरक्षा तपासणी करून आत बसलो आणि छपरावर गारांचं ताडताड सुरू झालं. पाच मिनिटं, जास्त नाही. सौ. म्हणाली, "अहो, आपल्या संत्र्याच्या बगीच्यावर नसंल ना पडून राहिली?" मी धाकट्या भावाला फोन लावला, तो म्हणाला इकडे नुसता वारा आहे. जीव भांड्यात पडला. आठ वाजून गेल्यावर पुण्याहून येणारं विमान उतरलं. तेच पुढे आम्हाला नेणार होतं.

ते काचेसमोरच येऊन उभं राहिलं. उतरणारे लोक जिन्यावरून खाली आले की मागं वळून वळून विमानाच्या नाकाकडे बघत होते. एकदोघांनी फोन काढून फोटो घेतले, तर तिथल्या माणसानं त्यांना हाकललं. मीही काचेला नाक लावलं. विमानाच्या नाकावरचा रंग ठिकठिकाणी उडाला होता, आणि एका बाजूला तळहाताएवढा भाग खरवडल्यासारखा दिसत होता. मी सौ.ला म्हणालो, "गारा लागल्या याला. आज लवकर काही निघत नाही आपण." तिनं पर्समधून चिवड्याची पुडी काढली. ३१ वर्षांच्या संसारात एवढा विश्वास कमावला आहे.

आता इथून पाच ताऱ्यांचं वर्णन.

पहिल्यांदा एकटाच एक माणूस आला, चमकणारं जाकीट, हातात मोठी बॅटरी. तो विमानाभोवती फिरला ते नाकापासून सुरू करून, एका पंखाच्या कडेनं शेपटीपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूनं परत नाकाशी. आम्हीही बगीच्यात असंच फिरायचो, एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सुरू करून त्याच धुऱ्यावर यायचं, म्हणजे झाड सुटत नाही. बॅटरी तो समोरून मारत नव्हता. पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरत होता. मला लगेच कळलं. आडव्या उजेडात पोच्याची सावली पडते. संध्याकाळच्या उन्हात संत्र्याच्या सालीवरचा मार जसा उठून दिसतो, दुपारी बारा वाजता दिसत नाही, तसं.

मग दुसरा आला, चाकांची शिडी आली. पंखाची पुढची कड त्यांनी हात फिरवत तपासली, जिथं बोट अडखळलं तिथं चिकटपट्टीचा तुकडा लावला. बघता बघता एका पंखावर तुकड्यांची रांग झाली. एक जण इंजिनच्या तोंडाशी वाकून आतलं एकेक पातं हातानं फिरवून बघत होता. आणि शिडीवरचा, तो पहिला, नाकावर काहीतरी टकटक करत होता. थोडं सरकायचा, परत टकटक. आवाज काचेतून येत नव्हता, पण हात ओळखीचा होता. टरबूज घेताना टिचकी मारतो ना, तो हात.

सव्वादहा-साडेदहाच्या मधे तोच माणूस वर गेटपाशी आला, काउंटरच्या बाईंशी काही बोलला, आणि पाण्याच्या मशीनपाशी थांबला. पोरगाच होता, तिशीतला. मी जाऊन उभा राहिलो.

"गारा मोजल्या का, बेटा?"

तो दचकला, मग हसला. "मोजतोय, काका."

"नुसती संख्या मोजता की खोलीपण?"

"खोली, रुंदी, दोन पोच्यांमधलं अंतर, रिव्हेटपासून, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यापासून, किती लांब, सगळंच." मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्ही एव्हिएशनमधले का?"

"नाही. महसूल."

आमचं बोलणं तीन-चार मिनिटं झालं असेल, पण त्यानं जे सांगितलं ते मला कंपनीच्या साऱ्या घोषणांपेक्षा मोलाचं वाटलं. प्रत्येक विमानाचा एक नकाशा असतो, त्यावर आजवर पडलेला एकेक पोचा नोंदलेला असतो. म्हणजे सातबाराच म्हणा ना. नवा पोचा सापडला की आधी नोंद तपासायची, हा जुना की आजचा. मला हसूच आलं. आमच्याकडेही मागच्या वर्षी वाळलेली फांदी काही लोक यंदाच्या गारपिटीत दाखवायचे. पोचा आजचा निघाला तर उत्पादकाच्या पुस्तकातली मर्यादा बघायची. विमानाच्या पोटावर जेवढा पोचा चालतो तेवढा पंखाच्या पुढच्या कडेवर चालत नाही, कारण हवा आधी तिथं कापली जाते. मर्यादेत असेल तर नोंद करून विमान सोडता येतं, बाहेर असेल तर दुरुस्तीशिवाय नाही. तिथं ३३ टक्के वगैरे काही नसतं. एक पोचा मर्यादेबाहेर गेला तरी सारं विमान उभं.

आणि टकटक? विमानाचं नाक पत्र्याचं नसतंच. आत हवामानाचं रडार असतं, त्याच्या लहरी धातूतून जात नाहीत, म्हणून नाक काचतंतूच्या थरांचं करतात. गारेनं वरून नुसता ओरखडा दिसतो, पण आत थर सुटलेले असू शकतात. म्हणून नाण्यानं ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर थर सुटला. त्यातून पाणी शिरलं तर पुढच्या ढगात रडार आंधळं. "आलाय का भद्द?" मी विचारलं. त्यानं ओठ मिटून मान डोलावली.

वर वैमानिकानं वहीत वीज लागल्याची शंकाही नोंदवली होती, म्हणून दोन तपासण्या एकदम चालल्या होत्या. विजेचं असं, की ती विमानाला लागते आणि निघून जाते. साधारण प्रत्येक प्रवासी विमानाला वर्षाकाठी एकदा लागतेच, असं हिशेबात धरतात. बाहेरच्या धातूवरून वाहते, आतल्या माणसांना काही होत नाही. पण जिथून शिरली तिथं आणि जिथून बाहेर पडली तिथं हरभऱ्याएवढी भाजल्याची खूण राहते, एखादा रिव्हेट वितळतो. दोन्ही खुणा शोधल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. उंदराच्या बिळाला दोन तोंडं असतात, एकच बुजवून भागत नाही, तसं म्हणा. पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला खराट्याच्या काड्यांसारख्या बारीक दांड्या असतात, अंगावर साठलेला विजेचा भार हवेत सोडायला. त्यातली कोणती जळली, तुटली, तेही एकेक मोजायचं.

"मग आज जाईल का?"

"हे विमान आज जात नाही, काका. नाक बदलावं लागेल, इंजिनात दुर्बीण घालून बघावं लागेल. मी सही करणार नाही." एवढं बोलून ग्लास टाकला आणि खाली गेला.

"मी सही करणार नाही" हे वाक्य सरकारी नोकरीत मी फार थोड्या लोकांच्या तोंडून ऐकलं. विमानाला उडायला सोडायचं तर परवाना असलेल्या इंजिनिअरची सही लागते, ती त्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर असते. दीडशेवर लोक वर खोळंबलेत, कंपनीचा फोन खणखणतोय, आणि हा पोरगा पंखावर पट्ट्या चिकटवत फिरतोय. पाच तारे. सहा असते तर सहा दिले असते.

आता दीड.

इंजिनिअरनं मला सांगितलं तेव्हा घड्याळात १० वाजून २० मिनिटं झाली होती. त्या वेळी फलकावर सुटायची वेळ होती १०.४५. आधी ९.३० झाली होती, मग १०.१५. पुढे ११.३० झाली, मग १२.१५. कारण दर वेळी एकच, "परिचालन कारणास्तव". कोणी विचारलं की "पंधरा मिनिटांत अपडेट देतो, सर." विमान बदललं आहे आणि ते पहाटे निघेल, ही घोषणा झाली १२ वाजून ३५ मिनिटांनी. सव्वादोन तास. एवढ्या वेळात आम्ही आठ झाडांचा पंचनामा करून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन, चावडीवर यादी लावत होतो.

लोकांना गारांचं सांगितलं तर घाबरतील, असा त्यांचा हिशेब असावा. झालं उलटंच. काचेतून नाक सगळ्यांना दिसत होतं. २१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं विमान गारपिटीत सापडलं होतं, वाट वळवायला पलीकडच्या हद्दीत येऊ द्या म्हणून वैमानिकानं लाहोरला विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि फुटक्या नाकानिशी ते श्रीनगरला सुखरूप उतरलं. त्या नाकाचे फोटो प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलेले. रात्री अकराला गेटपाशी तोच फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. माझ्या बाजूच्या बाई, गडचिरोलीहून आलेल्या, मला विचारतात, "भाऊ, असंच फुटकं घेऊन जातील का हो आपल्याला?" मी म्हणालो, "नाही ताई, त्या पोरानं सही नाही दिली." मग काय, माझ्याभोवती पंधरा-वीस जण जमले. पोचा, नाणं, वीज, बिळाची दोन तोंडं, सगळं परत सांगितलं. फुकटचा जनसंपर्क अधिकारी झालो. एकानं विचारलं, बाजूलाच मिहानमध्ये विमानदुरुस्तीचा मोठा हँगर आहे, तिथं ढकलत न्या की. बरोबरच आहे, २०१५ पासून तो तिथं आहे, बोईंगनं बांधून दिलेला. पण विमान कोणाचं, करार कोणाशी, त्या जातीचं नाक कोणाच्या गोदामात, हे काही फटफटी गॅरेजात घालण्यासारखं नाही.

दुसरं विमान लगेच का आलं नाही, हेही कोणी नीट सांगितलं असतं तर लोक ओरडले नसते. एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं, ते नागपुरात बसलं की पुढच्या गावचेही लोक बसले. आणि आणणाऱ्या वैमानिकांचे कामाचे तास संपले की त्यांना नियमानंच परत उडता येत नाही. मला हे ठाऊक, कारण जावई त्याच क्षेत्राच्या कडेकडेनं काम करतो. बाकीच्यांना कोण सांगणार?

खाणं मिळालं ११ वाजून १० मिनिटांनी. गरम पाणी ओतून फुगवायचा उपमा, पाणी कोमट, म्हणून उपमा अर्धा फुगलेला. सोबत सफरचंदाच्या रसाचं छोटं खोकं. साखर असलेल्यांसाठी काही नाही. सौ.च्या चिवड्यावर निभलं.

हॉटेलचं विचारलं तर "हवामान आहे, सर." मी नियम वाचून ठेवणारा माणूस. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा, की आपल्यासारख्या छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं, आणि रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणाऱ्या विमानाला सहा तासांवर उशीर झाला की हॉटेल. आमचं ८.४० चं होतं, उशीर पावणेनऊ तासांचा. पण त्याच कागदात पुढे असाधारण परिस्थितीची खिडकी ठेवलेली आहे, आणि हवामान त्या खिडकीत बसतं. सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात जसं कधीकधी मालकापेक्षा जास्त काही लिहिलेलं असतं, तसं. युरोपात भरपाईचे कायदे आपल्यापेक्षा कडक आहेत, तिथल्या न्यायालयानंही ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं, की वीज लागून सक्तीची तपासणी करावी लागली तर ती असाधारण परिस्थितीच. मात्र उशीर टाळायला जे करता येण्यासारखं होतं ते सारं केलं, हे कंपनीनं दाखवायला हवं.

मी एअरसेवावर, म्हणजे सरकारच्या विमानप्रवाशांसाठीच्या तक्रार संकेतस्थळावर, तक्रार टाकली तेव्हा हेच लिहिलं. भरपाई नको. गारा तुम्ही पाडल्या नाहीत, आणि तपासणी अर्धा तास कमी करा असं तर मी कधीच म्हणणार नाही. १० वाजून २० पासून १२ वाजून ३५ पर्यंतच्या सव्वादोन तासांत कोणती गार पडत होती, तेवढं सांगा. उत्तर आलं, त्यात "प्रतिकूल हवामान" तीनदा होतं, सव्वादोन तास एकदाही नव्हते.

उरलेला दीड तारा कशाचा म्हणाल, तर तो त्या काउंटरवरच्या पोरीचा. एकटीनं दीडशे माणसं झेलली. लोक तिच्या अंगावर ओरडत होते आणि तिला वरून जे लिहून आलं तेवढंच ती वाचत होती. एकच्या सुमारास तिनं कुठून तरी दोन पांघरुणं आणली, एक त्या गडचिरोलीच्या ताईंना, एक सौ.च्या गुडघ्यांवर. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं हो," एवढं म्हणाली. माझा विश्वास आहे तिच्यावर. खालच्या टोकाच्या माणसाला कागद शेवटी कळतो, हे मला कोणी शिकवायला नको.

एक उमरेडचा तरुण सव्वाअकराला वैतागून पूर्ण पैसे परत घेऊन टॅक्सीनं निघाला, समृद्धीनं जातो म्हणाला. आम्ही सातला लोहगावला सामानाच्या पट्ट्याशी उभे असताना त्याचा फोन आला, तो अहिल्यानगरला चहा पीत होता.

पहाटे नव्या विमानाकडे चालत जाताना ते जुनं दूर एका कोपऱ्यात उभं दिसलं. नाक वर उघडून ठेवलेलं, आत रडारची पांढरी ताटली, पंखांवर अजून त्या पट्ट्या. तोच पोरगा खाली उभा राहून दोघांना काही दाखवत होता. मी हात केला. त्याचं लक्ष नव्हतं.

संत्र्यांचा खोका धड पोचला, दोन फळं फक्त नरम झाली होती.

परतीचं तिकीट याच कंपनीचं आहे. फक्त रात्रीचं बदलून सकाळी दहाचं घेतलं, साडेनऊशे रुपये जास्त गेले. मार्च-एप्रिलात आमच्याकडे गारा बहुतेक दुपारनंतरच येतात.